हिवाळ्यात विस्थापितांना मदत: ब्लँकेटच्या आधी काय लागतं

प्रश्न असा आहे: युद्धामुळे घरदार सोडावं लागलेल्या कुटुंबांसाठी काही जण मिळून हिवाळ्याची मदत गोळा करताहेत. ब्लँकेट आणि जुने गरम कपडे पाठवायचा विचार आहे. एका कुटुंबाला किती ब्लँकेट लागतात, जुने कपडे खरंच कामाला येतात का, आणि पैसे थोडेच असतील तर ते आधी कशावर खर्च करावेत, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी थेट उत्तर देते. जुने कपडे पाठवू नका, पैसे पाठवा. पैसे थोडे असतील तर आधी झोपायची जागा कोरडी करण्यावर, मग वारा अडवण्यावर आणि मग सगळा हिवाळा पुरेल एवढ्या इंधनावर ते जाऊ द्या. ब्लँकेट लागतातच, पण या तिन्हींच्या नंतर. निवारा आणि मदतवाटपाच्या कामात मी बरीच वर्षं आहे. हा क्रम उलटा लागल्यामुळे चांगल्या मनाने दिलेला पैसा वाया जाताना फार पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

थंडी धोक्याची व्हायला बर्फ पडावा लागतो, असा बहुतेकांचा समज असतो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि त्यासाठी बाहेर शून्य अंश असायची गरज नसते. ओले कपडे, वारा, अर्धपोटी शरीर आणि हालचाल नसलेली लांब रात्र एवढं पुरतं. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. डिसेंबर २०२४ मध्ये गाझात अल-मवासीच्या तंबूंमध्ये तान्ही बाळं गारठून दगावली, तेव्हा तिथे बर्फ नव्हता. समुद्रकाठची ओल होती, वाळूवर उभारलेले पातळ कापडाचे आसरे होते आणि बाळांच्या आयांना स्वतःलाच पुरेसं खायला मिळत नव्हतं. नवजात बाळाला कुडकुडून ऊब तयार करता येत नाही, आणि वजनाच्या मानाने त्याची त्वचा खूप पसरलेली असते, त्यामुळे त्याच्या अंगातली उष्णता झपाट्याने जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात ३६.५ अंशांच्या खालचं नवजात बाळ गारठलेलंच धरतात. म्हणून मदत कुठे आधी न्यायची हे ठरवताना नुसता तापमानाचा आकडा पाहू नका. पाऊस, वारा आणि ओल कुठे आहे ते विचारा.

तंबूत शिरल्यावर मी आधी गादीखाली हात घालते. वरून सगळं ठाकठीक दिसतं. ब्लँकेटच्या घड्या कोपऱ्यात रचलेल्या असतात, चटई झाडलेली असते. गादी उचलली की खालची बाजू काळपट, ओलसर आणि कुबट वासाची निघते. फोमने जमिनीतलं पाणी शोषलेलं असतं, आणि रात्री त्यावर झोपणाऱ्या माणसाची ऊब ते पाणी गरम करण्यात खर्ची पडते. अशा घरांत सात-सात ब्लँकेट मिळालेली कुटुंबं मी पाहिली आहेत. सातांपैकी चार अंगाखाली गेलेली असतात. अंगाच्या भाराने दबलेल्या ब्लँकेटमध्ये हवा राहत नाही, आणि ऊब धरून ठेवण्याचं काम खरं तर ती हवाच करते. म्हणजे चार ब्लँकेट जवळजवळ फुकट गेली आणि पाच माणसांना पांघरायला तीन उरली. त्याऐवजी त्या घराला लाकडी पॅलेट (माल ठेवायची फळ्यांची बैठक), त्यावर जाड प्लास्टिक आणि त्यावर बंद छिद्रांच्या फोमची चटई मिळाली असती, तर ती सातही ब्लँकेट वर आली असती. जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक भिंतीवर वीतभर तरी चढवून बांधायचं, नाहीतर पहिल्या जोराच्या पावसात पाणी कडेने आत येतं.

आणि हे सगळं करायच्या आधी तंबूबाहेरची जमीन बघायला हवी. छावणीच्या जागेला १ ते ५ टक्के उतार असावा, असं स्फिअरच्या, म्हणजे आपत्तीतल्या मदतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या, किमान निकषांत म्हटलंय. त्याहून सपाट असेल तर पाणी तुंबतं, त्याहून तिरकी असेल तर पाणी तंबूतून वाट काढतं. तंबूच्या चढाकडच्या बाजूने चर खणणं, दोन ओळींमधल्या वाटेवर खडी टाकणं आणि चराचं पाणी पुढे कुठे जाणार ते ठरवणं, या कामाचे फोटो कुणी छापत नाही. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात याची किंमत दिसली. तिथल्या सरकारने सीरियन निर्वासितांसाठी अधिकृत छावण्या उभारू दिल्या नाहीत. लोक भाड्याच्या शेतजमिनीवर लाकूड आणि प्लास्टिकच्या झोपड्या टाकून राहिले, आणि शेतजमीन म्हणजे सपाट, पाणी धरून ठेवणारी जमीन. जानेवारी २०१९ मध्ये नॉर्मा नावाचं वादळ आलं तेव्हा वस्त्याच्या वस्त्या गुडघाभर पाण्यात गेल्या. वाटलेली ब्लँकेट, गाद्या, मुलांची दप्तरं, शेगड्या, सगळं एका रात्रीत भिजलं. त्याच देशात आर्सालसारख्या उंचावरच्या गावी प्रश्न बर्फाच्या वजनाचा होता. तिथे काही कुटुंबांनी सिमेंटच्या विटांच्या भिंती घातल्या होत्या. २०१९ च्या उन्हाळ्यात साधारण मीटरभराच्या वरचं बांधकाम पाडायला लावलं गेलं, आणि ऐन थंडीच्या तोंडावर लोक पुन्हा लाकूड-प्लास्टिकवर आले. निवाऱ्याच्या कामात अशा वेळी मनासारखं काही करता येत नाही. जे वापरायला परवानगी आहे त्यातूनच वारा आणि पाणी कसं अडवायचं, एवढंच हातात उरतं.

ओल आतूनही येते. पाच-सहा माणसांचा श्वास, शिजणारं अन्न, वाळत घातलेले कपडे यांची वाफ थंड कापडाला लागते आणि पहाटे तंबूला आतून घाम सुटतो. ते थेंब पांघरुणावर पडतात. थंडी वाजते म्हणून लोक झरोके चिंध्यांनी बुजवतात, त्याने घाम वाढतो आणि शेगडीचा वायूही आत कोंडतो. यावर उपाय म्हणजे आतून दुसरं अस्तर लावणं आणि दोन थरांत हवेची फट ठेवणं. मग आतलं कापड तेवढं गार पडत नाही. जागेचाही संबंध आहे. स्फिअरमध्ये माणशी किमान ३.५ चौरस मीटर छताखालची जागा सांगितली आहे, पण थंड प्रदेशात ४.५ ते ५.५, कारण तिथे स्वयंपाक, आंघोळ, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याचं झोपणं सगळं आतच होतं. वाटपाच्या घाईत हा फरक पहिल्यांदा विसरला जातो.

शक्य असेल तिथे तंबू टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात तंबू हा शेवटचा पर्याय. कोसोवोत जून १९९९ नंतर लोक परतले तेव्हा हजारो घरं जळलेली होती आणि थंडी यायला काहीच महिने होते. सगळी घरं बांधणं अशक्य होतं. मग प्रत्येक कुटुंबाला एक कोरडी, उबदार खोली मिळेल एवढंच ध्येय ठेवलं गेलं: एका खोलीपुरतं छप्पर, एका खोलीच्या खिडक्या, एक शेगडी. त्याआधी वेढ्यात सापडलेल्या सारायेवोत, १९९२ ते १९९५ च्या हिवाळ्यांत, फुटलेल्या तावदानांच्या जागी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने दिलेलं प्लास्टिक लावून लोकांनी दिवस काढले. युक्रेनमध्येही तोच धडा पुन्हा कामाला आला. स्फोटाच्या हादऱ्याने घर उभं राहतं आणि काचा जातात. काच फुटलेलं घर दोन दिवसांत दुरुस्त करता आलं तर ते कुटुंब विस्थापित होतच नाही.

हे काम कसं करायचं ते जरा जवळून सांगते, कारण छोट्या पैशात सर्वाधिक फरक इथे पडतो. घरातली सगळ्यात लहान आणि शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली निवडायची. खिडकीच्या मापाची लाकडी चौकट करून तिच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक, जाड प्लास्टिक ताणायचं, मध्ये दोन-तीन सेंटिमीटरची फट राहू द्यायची. प्लास्टिकला थेट खिळे मारले तर वाऱ्याने तिथूनच फाटतं. वरून लाकडी पट्टी ठेवून तिच्यातून खिळे मारायचे. प्लायवूड लावलं तर वारा थांबतो, पण खोलीत दिवसाही काळोख. वीज नसलेल्या घरात म्हातारी माणसं महिनोन् महिने अंधारात बसून राहतात, हे पाहिल्यापासून एक तरी खिडकी उजेडाची ठेवायचा माझा आग्रह असतो. दाराच्या फटी फोमच्या पट्टीने बंद, उंबऱ्यापाशी गुंडाळलेलं कापड, दारावर आतून जाड पडदा. शेगडी असेल तर हवा यायला एक जागा मुद्दाम उघडी ठेवायची आणि ती का ठेवली हे घरातल्या प्रत्येकाला सांगायचं.

बहुमजली इमारतींचं गणित निराळं असतं. ऑक्टोबर २०२२ पासून युक्रेनच्या वीजयंत्रणेवर पद्धतशीर हल्ले सुरू झाले. तिथल्या शहरांत ऊब मध्यवर्ती केंद्रातून नळांनी घरोघर येते. ती बंद पडली तर नवव्या मजल्यावरच्या माणसाला लाकडाचा काय उपयोग, धुराडंच नाही. तिथे उपयोगी पडली ती बॉयलरची दुरुस्ती, पंपांसाठी जनरेटर, आणि नोव्हेंबर २०२२ पासून सरकारने शाळांत, कार्यालयांत, तंबूंत उघडलेली हजारो केंद्रं. तिथे ऊब, वीज, पाणी, फोन चार्ज करायची सोय असायची. खेड्यांत मात्र लाकूडच लागलं. एकाच देशात, एकाच हिवाळ्यात दोन वेगळी उत्तरं. म्हणून तयार यादी घेऊन जाणाऱ्यांना मी नेहमी विचारते, या लोकांकडे धुराडं आहे का?

आता इंधन. माझ्या मते हिवाळ्याच्या मदतीचं यश-अपयश इथे ठरतं आणि सगळ्यात कमी पैसा इथेच येतो. ब्लँकेट एकदा दिलं की काम संपलं, फोटो निघाला, हिशेब बंद झाला. ऊब तशी देता येत नाही. थंडी संपेपर्यंत ती रोज संध्याकाळी नव्याने लागते. शेगडी दिली आणि इंधन तीन आठवड्यांचं दिलं, तर चौथ्या आठवड्यात त्या शेगडीत काय जातं ते मी पाहिलंय: चपला, बाटल्या, टायरचे तुकडे, गादीतला फोम, रंगवलेली दारं. सीरियाच्या इदलिब प्रांतात डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या तीन महिन्यांत नऊ लाखांहून अधिक लोक हल्ल्यांमुळे उठले. अनेकांची ती पहिली वेळ नव्हती. तुर्कस्तानच्या सीमेलगतच्या टेकड्यांवर जागा नाही, तंबू नाही, आणि रात्री पारा शून्याखाली. लोकांनी हाताला लागेल ते जाळलं. बंद जागेत कोळसा पेटवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठलीच नाहीत, असेही प्रसंग तिथे घडले.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, खोकलाही येत नाही. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, झोप अनावर झाली, तर तो सर्दी-तापाचा प्रकार नाही. सगळ्यांना ताबडतोब उघड्या हवेत न्यायचं. शेगडी वाटताना हे वाक्य तोंडी, त्यांच्या भाषेत, बायकांना आणि मोठ्या मुलांनाही सांगितलं जायला हवं. नुसतं पत्रक पुरत नाही. धुराडं कापडातून जिथे बाहेर पडतं तिथे धातूची पट्टी हवी, शेगडीखाली वाळूची पेटी हवी, जवळ वाळूची बादली हवी. जनरेटर घरात किंवा तंबूच्या तोंडाशी कधीच ठेवायचा नाही. तंबू पेटला तर एक-दोन मिनिटांत संपतो, म्हणून दोन तंबूंत किमान २ मीटर अंतर आणि वस्तीच्या प्रत्येक ३०० मीटरला ३० मीटरचा मोकळा पट्टा ठेवायला सांगितलेलं असतं. लोंढा येतो तेव्हा तो मोकळा पट्टाच आधी भरतो. तो भरू न देणं हे छावणी सांभाळणाऱ्याचं सगळ्यात कठीण काम आहे, कारण समोर मुलांना घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘इथे नाही’ म्हणावं लागतं.

इंधनाचा हिशेब असा करा. शेगडी दिवसातून किती तास पेटायला हवी (पाच तासांच्या खाली मी धरत नाही), तासाला किती इंधन खाते आणि थंडीचे महिने किती. त्यावरून एका कुटुंबाच्या पूर्ण हिवाळ्याचा आकडा निघतो. मग जमलेल्या रकमेत किती कुटुंबं बसतात ते पाहा. इथे मन कच्चं होतं. शंभर कुटुंबांना महिनाभराचं द्यावं की पंचवीस कुटुंबांना संपूर्ण हिवाळ्याचं? मी दुसरा पर्याय निवडते, आणि उरलेल्या पंचाहत्तर कुटुंबांची नावं इतर संस्थांच्या बैठकीत त्याच आठवड्यात मांडते. अपुरं इंधन मिळालेलं कुटुंब यादीत ‘मदत मिळाली’ असं नोंदवलं जातं आणि पुढे त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही.

बाजार चालू असेल तर रोख मदत उत्तम. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या विस्थापितांना महिन्याला माणशी २,२२० रिव्निया (तिथलं चलन) दिले गेले. लोकांनी त्यातून भाडं भरलं, औषधं घेतली, मुलांचे बूट घेतले. ‘पैसे दिले तर ते दुसऱ्याच कशावर खर्च करतील’ ही शंका मला नेहमी ऐकायला मिळते. करतातही. पण भाडं थकल्यामुळे जानेवारीत खोली सोडावी लागली तर घरातल्या ब्लँकेटचा उपयोग काय? भाडं हीसुद्धा हिवाळ्याचीच मदत आहे. रोख कुठे चालत नाही तेही सांगते: रस्ता बंद असेल, दुकानदाराला आठवडाभरात नवा माल आणता येत नसेल, किंवा वेढा पडलेला असेल, तर पैसे वाटल्याने फक्त भाव चढतात. तेव्हा वस्तूच न्याव्या लागतात. दोन-तीन दुकानदारांशी अर्धा तास बोललं की परिस्थिती कळते.

आता ब्लँकेटचा आकडा, कारण तो विचारला आहे. शेगडीची सोय आणि खाली कोरडा थर असेल तर माणशी दोन जाड ब्लँकेट. शेगडी नसेल तर मी माणशी तीन धरते, आणि तान्ह्या बाळासाठी वेगळं, मऊ, लहान. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते, पण वाळायला दिवस जातात. पॉलिएस्टरचं फ्लीस लवकर वाळतं, पण ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं. शेगडीच्या अगदी जवळ झोपणाऱ्या घरांत हा फरक महत्त्वाचा.

जुन्या कपड्यांबद्दल मी एवढी ठाम का आहे, तेही सांगायला हवं. पेट्या येतात तेव्हा त्यांत सगळं मिसळलेलं असतं: उन्हाळी कपडे, एकाच पायाचे बूट, मोठ्यांचे कोट जास्त आणि मुलांचं फारच कमी. ते निवडायला माणसं लागतात, ठेवायला कोरडं गोदाम लागतं, आणि युद्धाच्या प्रदेशात कोरडं गोदाम हीच सगळ्यात दुर्मीळ गोष्ट असते. वाहतूक आणि कस्टम्सचा खर्च पुष्कळदा कपड्यांच्या किमतीहून जास्त होतो. आणि बेघर झालेल्या बाईने ढिगातून दुसऱ्याची वापरलेली अंतर्वस्त्रं निवडावीत, ही अपेक्षाच मला सहन होत नाही. खरी गरज असते ती मोज्यांची, पाणी न शिरणाऱ्या बुटांची, टोप्यांची, थर्मल आतल्या कपड्यांची, आणि ते नवे व मापाचे हवेत. ओल्या मोज्यांत राहिलेला पाय न गोठताही सडायला लागतो. जवळच्या दुकानात चालणारं व्हाउचर दिलं तर आई मुलाला घेऊन जाते आणि त्याच्या पायाला बसेल तो बूट घेते.

मदतीच्या यादीतून कोण सुटतं, याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. छावणीतली माणसं निदान दिसतात. नातेवाइकांकडे एका खोलीत राहणारी तीन कुटुंबं, अर्धवट बांधलेल्या इमारतीत विनाखिडकी राहणारे, आघाडीजवळच्या गावात एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या बायका दिसत नाहीत. २०१२ च्या सुरुवातीला काबूल शहरातल्याच विस्थापितांच्या वस्त्यांमध्ये लहान मुलं थंडीने गेली. त्या शहरात तेव्हा मदत संस्थांची कार्यालयं भरपूर होती, पण या वस्त्या ना तातडीच्या मदतीत बसत होत्या ना विकासाच्या कामात. पुढे २४ डिसेंबर २०२२ ला अफगाणिस्तानात स्वयंसेवी संस्थांत काम करायला बायकांना बंदी आली, ऐन हिवाळ्यात. ज्या घरांत पुरुष कर्मचाऱ्याला आत जाता येत नाही त्या घरांतली गरोदर बाई, विधवा, तान्हं बाळ, यांची नोंद कोण करणार? लगेचच्या जानेवारीत तिथे वर्षानुवर्षांतली कडक थंडी पडली. बाईला बाईशीच बोलता येतात अशा गोष्टी हिवाळ्यात वाढतात. रात्री शौचालयापर्यंत बर्फातून, अंधारातून जायला नको म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मग लघवीचे आजार, अशक्तपणा. शौचालय ५० मीटरच्या आत, वाटेवर दिवा आणि दाराला आतून कडी, ही मी हिवाळ्याच्याच मदतीत धरते.

आरोग्याचं थोडक्यात सांगते. थंडीत शरीराला जास्त अन्न लागतं. माणशी रोज २,१०० किलोकॅलरी हा नेहमीचा हिशेब आहे, आणि तापमान २० अंशांच्या खाली जाईल तसे दर ५ अंशांमागे १०० किलोकॅलरी वाढवायच्या असतात. शून्य अंशाला म्हणजे ४०० जास्त. ज्यांना शिजवायला इंधन नाही त्यांना कच्चं धान्य देऊन भागत नाही. क्लोरीन थंड पाण्यात सावकाश काम करतं, त्यामुळे नेहमीचा अर्धा तास पुरत नाही. दाटीवाटीने राहिल्यामुळे गोवर आणि न्यूमोनिया झपाट्याने पसरतात, म्हणून गोवराची लस ब्लँकेटइतकीच तातडीची. गारठलेल्या माणसाचे ओले कपडे आधी काढायचे, कोरड्यात गुंडाळायचं, छाती-पोट आधी गरम करायचं, आडवं ठेवायचं. हातपाय चोळायचे नाहीत, दारू द्यायची नाही. बाळ असेल तर आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, वरून पांघरूण. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर कमी पडले म्हणून सुरू झाली, आणि तंबूत तिच्यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही.

हे सगळं वेळेवर पोचलं तर. शेगड्या, फोम, ब्लँकेट यांची खरेदी, जहाज, बंदर, कस्टम्स, गोदाम, नाके, वाटप यांत तीन-चार महिने सहज जातात. म्हणजे पैसा जुलै-ऑगस्टमध्ये लागतो, तर देणग्या येतात पहिल्या बर्फाचे फोटो छापून आल्यावर. इंधनही ऑक्टोबरच्या आधी स्वस्त असतं. त्यात परवानग्या. वायव्य सीरियात सीमेपलीकडून मदत नेण्याची मुभा संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेच्या २०१४ च्या ठरावावर टिकून होती. जानेवारी २०२० मध्ये देशभरातल्या चार नाक्यांचे दोन झाले, जुलैमध्ये एकच उरला, तुर्कस्तानच्या सीमेवरचा बाब अल-हवा. जुलै २०२२ ची मुदतवाढ होती सहा महिन्यांची, म्हणजे ती संपणार होती १० जानेवारी २०२३ ला, थंडीच्या मध्यावर. आदल्या दिवशी नूतनीकरण झालं. पण तोवर अख्खा शरद ऋतू संस्था ‘जानेवारीत रस्ता बंद झाला तर’ या भीतीने गोदामं भरत होत्या, आणि तंबूतल्या लोकांना आपलं फेब्रुवारीचं सरपण कुठून येणार हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मदत अडवणाऱ्या सगळ्याच बाजूंना थंडीचं वेळापत्रक ठाऊक असतं. इंधन आणि जनरेटर नाक्यांवर जितके अडकतात तितकी ब्लँकेट अडकत नाहीत, म्हणूनही यादीत ब्लँकेटच वाढत जातात.

पैसे कुणाला द्यावेत, हे ठरवताना संस्थेला चार गोष्टी विचारा. तुमची माणसं तिथे हिवाळ्याआधीपासून आहेत का? शेगडी देणार असाल तर इंधन कोणत्या महिन्यापर्यंत देणार? वाटपानंतर घरोघर जाऊन पाहता का? आणि ज्याला काही मिळालं नाही त्याने तक्रार कुठे करायची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर महिन्याच्या नावासकट आलं तर ती संस्था हे काम जाणते. मोठं नाव असायलाच हवं असं नाही. स्थानिक संस्था कित्येकदा जास्त आत पोचतात आणि कमी खर्चात, फक्त त्यांना पैसे उशिरा देऊन चालत नाही, कारण त्यांच्याकडे गंगाजळी नसते.

जमलेले जुने कपडे आणि ब्लँकेट परत करायची गरज नाही. जिथे जमलेत तिथल्याच गरजूंना द्या किंवा विकून आलेली रक्कम निधीत घाला. जमलेल्या पैशांतले निम्मे लगेच पाठवा, निवाऱ्याच्या दुरुस्तीसाठी आणि जमिनीवरच्या थरांसाठी. उरलेले निम्मे पाठवताना संस्थेला लेखी कळवा की ही रक्कम फेब्रुवारी-मार्चच्या इंधनासाठी आहे. डोंगराळ भागात तेव्हाही रात्री पाणी गोठतं आणि तोवर बहुतेक निधी आटलेले असतात. पुढच्या वर्षी पुन्हा गोळा करायचं असेल तर जूनमध्ये सुरुवात करा, म्हणजे ऑगस्टला पैसा हातात असेल.